अळणी भाजी, बेसूर गाणे आणि ‘वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव’

प्रश्न असा आहे: ‘वाईटाला स्वतःचे अस्तित्व नाही, ते म्हणजे फक्त चांगल्याचा अभाव, असे संत ऑगस्टीन म्हणतो. आइन्स्टाईननेही विद्यार्थी असताना आपल्या प्राध्यापकांना हेच उत्तर दिले होते म्हणे. पण माझी मावशी कर्करोगाने गेली. तिच्या पोटातली गाठ हा अभाव होता का? हा शब्दांचा खेळ नाही का? आणि पसायदानातले दुरितांचे तिमिर म्हणजे हेच का?’

आधी आइन्स्टाईनला यातून मोकळे करू. थंडी म्हणजे उष्णतेचा अभाव, अंधार म्हणजे उजेडाचा अभाव, तसे वाईट म्हणजे देवाचा अभाव, असे सांगून एक पोरगा वर्गात प्राध्यापकाला गप्प करतो आणि शेवटी कळते की तो पोरगा आइन्स्टाईन होता, ही गोष्ट मलाही दर गुरुपौर्णिमेला चार-पाच जण पाठवतात. ती रचलेली आहे. रचलेली असली तरी चालले असते, पण तिच्यामुळे मूळ विचार चुकीचा समजतो. फ्रिजमध्ये उष्णता नसते, म्हणून तर आपण तो विकत घेतो. रात्री उजेड नसतो, म्हणून झोप लागते. नुसते ‘नसणे’ हे वाईट नसते. या गोष्टीत सगळ्याच अभावांना एका मापाने मोजले आहे, आणि ऑगस्टीनची सगळी परंपरा नेमकी ती चूक टाळण्यासाठी झटलेली आहे.

चूक आपल्या भाषांतरातूनही होते. लॅटिनमध्ये शब्द आहे ‘प्रिव्हातिओ’, त्याआधी ग्रीकमध्ये ‘स्टेरेसिस’. मराठी पाठ्यपुस्तकांत आणि गाइडांत त्याला सरसकट ‘अभाव’ म्हणतात. मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवायला लागलो तेव्हा पहिली दहाएक वर्षे मीही फळ्यावर तेच लिहीत होतो आणि दरवर्षी मुले तुमच्यासारखीच वैतागत होती. एकदा चिडून मी म्हणालो, ‘नुसते नसणे आणि असायला हवे ते नसणे यांत फरक दाखवणारा एक तरी मराठी शब्द सांगा.’ मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘सर, अळणी.’

गेली वीस वर्षे मी तिच्या जिवावर हा विषय शिकवतो आहे. अळणी म्हणजे मूळचे ‘अलवण’, मीठ नसलेले. पण चहात मीठ नसते म्हणून चहाला कोणी अळणी म्हणत नाही. श्रीखंड अळणी नसते. आमटी अळणी असते, कारण आमटीत मीठ हवे असते. म्हणजे या एका शब्दात दोन गोष्टी आहेत: काहीतरी नाही, आणि ते इथे असायला हवे होते. मग वर्गात शब्दांचा पाऊस पडला. जमीन पडीक असते, जंगल पडीक नसते. लहान मूल पोरके होते. सत्तर वर्षांच्या माणसाला आईबाप नसले तरी त्याला आपण सहसा पोरका म्हणत नाही. डोंगर बोडका असतो, समुद्र नाही. आणि ‘वंचित’ हा शब्द तर मूळ संस्कृतात ‘फसवला गेलेला’ या अर्थाचा आहे. लॅटिन ‘प्रिव्हातिओ’ ज्या क्रियापदापासून येतो त्याचाही अर्थ हिरावून घेणे असाच आहे. ज्याचे होते, निदान ज्याला मिळायला हवे होते, त्याच्याकडून ते गेले.

ही अट ॲरिस्टॉटलची. तो म्हणतो की ज्याला दात नाहीत अशा प्रत्येक वस्तूला आपण बोळके म्हणत नाही. ज्याला निसर्गतः दात असायला हवेत, आणि ज्या वयात असायला हवेत, त्या वयात ते नसतील तरच म्हणतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने तीच अट वाईटाच्या प्रश्नाला लावली. दगडाला दिसत नाही यात दगडाचे काही बिघडत नाही. माणसाला दिसत नाही तेव्हा बिघडते. माणसाला हरणाचा वेग नाही, सिंहाचे बळ नाही. म्हणून माणूस वाईट ठरला तर जगातली प्रत्येक वस्तू वाईट ठरेल, कारण प्रत्येकीत दुसरीचे काहीतरी नसतेच. मी आता वर्गात ‘अभाव’ टाळतो आणि ‘उणीव’ म्हणतो. परीक्षेत मुले पुन्हा अभावच लिहितात, ते चालायचेच.

तर पहिली दुरुस्ती अशी: ‘वाईट नाहीच’ असा हा दावा नाही. आंधळेपण आहे, खरे आहे, आणि त्याने माणूस जिन्यावरून पडतो. दावा एवढाच आहे की जगात डोळा नावाची जशी एक वस्तू आहे, तशी ‘आंधळेपण’ नावाची आणखी एक वस्तू नाही.

आता हे कोणाला, कशासाठी म्हणावे लागले ते पाहू. त्याशिवाय ते कोरडे वाटते.

ऑगस्टीन 354 साली आजच्या अल्जीरियातल्या थागास्ते या गावी जन्मला. कार्थेजला शिकत असताना, 19 वर्षांचा असल्यापासून सुमारे नऊ वर्षे तो मानीच्या पंथात ‘श्रोता’, म्हणजे साधा अनुयायी, म्हणून होता. मानी हा तिसऱ्या शतकातला मेसोपोटेमियातला धर्मसंस्थापक. त्याची शिकवण अशी की प्रकाश आणि अंधार ही दोन अनादि राज्ये आहेत, अंधाराने प्रकाशावर हल्ला केला, त्या लढाईत दोन्हींची सरमिसळ झाली आणि तीच आपली सृष्टी. आपल्या देहातही प्रकाशाचे कण अंधाराच्या चिखलात अडकलेले आहेत. यात वाईट हे अगदी सकस, ठोस द्रव्य आहे. आणि ‘वाईट आले कुठून’ या प्रश्नाला रोकडे उत्तर आहे: ते होतेच.

ऑगस्टीनला हे उत्तर का आवडले होते, ते त्याने नंतर आपल्या ‘कबुलीजबाबां’त लपवलेले नाही. पाप मी करत नाही, माझ्यातले दुसरेच काहीतरी करते, असे मानणे सुखाचे होते. मला ही कबुली त्या सगळ्या ग्रंथातली फार मोलाची वाटते. वाईट हे एक द्रव्य मानले की ते माझ्याबाहेरचे होते. उणीव मानली की ती माझी उणीव होते. हा सिद्धांत दुःखाला हलके लेखतो असा आक्षेप नेहमी येतो. त्याच्या जन्माच्या वेळी मात्र तो एका सोयीस्कर सबबीचा दरवाजा बंद करत होता.

383च्या सुमारास पंथाचा नामांकित विद्वान फाउस्तुस कार्थेजला आला. ऑगस्टीन शंकांची यादी घेऊन त्याची वाट पाहत होता. फाउस्तुस बोलायला गोड निघाला, उत्तरे मात्र त्याच्याकडे नव्हती. पुढे मिलानला ऑगस्टीनच्या हाती नवप्लेटोवाद्यांची, म्हणजे प्लेटोचा विचार नव्याने मांडणाऱ्यांची, पुस्तके लॅटिन भाषांतरात पडली. तोवर त्याची अडचण अशी होती की जे जे खरे आहे ते कुठेतरी पसरलेले, जागा व्यापणारे असलेच पाहिजे, असे त्याला वाटे. ईश्वर म्हणजे अपार समुद्र आणि सृष्टी म्हणजे त्यात बुडालेला, सगळीकडून भिजलेला स्पंज, असे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर होते. मग त्या स्पंजात वाईट कुठल्या कोपऱ्यात बसले आहे? कुठून शिरले? ती पुस्तके वाचल्यावर प्रश्न सुटला नाही, पण बदलला. ‘वाईट कुठून आले’ याआधी ‘वाईट म्हणजे काय’ असे विचारायला हवे होते, हे त्याच्या लक्षात आले.

(नवप्लेटोवाद्यांचा प्रमुख प्लोटिनस, त्याचे सगळेच ऑगस्टीनने घेतले नाही. प्लोटिनस जडद्रव्यालाच वाईटाचे मूळ मानायच्या टोकाला जातो. ऑगस्टीनच्या लेखी जडही देवाने केलेले, म्हणून चांगलेच.)

त्याचा युक्तिवाद साधा आहे आणि तो मी मुलांना आढ्याच्या तुळईवर करून दाखवतो. तुळईला वाळवी लागली. वाळवी काय खाते? लाकडाचे लाकूडपण, त्याचा कस. अजून कस शिल्लक आहे तोवरच ‘तुळई बिघडते आहे’ असे म्हणता येते. सगळा कस गेला की बिघडलेली तुळई उरत नाही, भुसा उरतो, आणि भुसा हा भुसा म्हणून काही वाईट नसतो. म्हणजे बिघडायलाही आधी काहीतरी चांगले लागते. शंभर टक्के वाईट अशी वस्तू असूच शकत नाही, कारण तिच्यात बिघडण्यासारखे काही उरलेलेच नसेल. ऑगस्टीनने उतारवयात, 421च्या सुमारास, एका छोट्या ग्रंथात रोगाचे उदाहरण दिले: जखम बरी होते तेव्हा ती शरीरातून निघून दुसरीकडे राहायला जात नाही. ती नाहीशी होते. वस्तू असती तर कुठेतरी गेली असती.

हा विचार पुढे ख्रिस्ती जगापुरता राहिला नाही. इब्न सीनाने तो अरबीत मांडला, मैमोनिडीजने ज्यू परंपरेत. आपल्याकडे तो सेमिनरींतून, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयांतून आला; पुण्यात नगर रोडवरची पेपल सेमिनरी 1955 साली श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली, आणि अक्वायनसवरचे जे थोडेफार मला येते ते मी तिथल्या एका वृद्ध फादरांच्या पायाशी बसून शिकलो. ते मराठी बोलत, आणि ‘उणीव’ हा शब्द मी त्यांना सांगितला तेव्हा खूश झाले होते.

आता तुमच्या मावशीची गाठ.

गाठ अभाव नव्हती. गाठीतल्या पेशी जिवंत होत्या. खरे तर नको इतक्या जिवंत होत्या. त्या पेशी म्हणून उत्तम चालल्या होत्या. मग उणीव कशाची? शरीर एक आहे, त्यात प्रत्येक पेशीने कधी वाढायचे, कधी थांबायचे आणि कधी मरायचे याची शिस्त आहे, ती शिस्त गेली. हे मी नुसते रूपक म्हणून सांगत नाही. टीपी 53 नावाचे एक जनुक पेशीला लगाम घालते, आणि माणसांच्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये त्यात बिघाड सापडतो. इथे लगाम नसणे हीच गोष्ट मारक ठरते. मात्र प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. काही कर्करोगांत लगाम तुटण्याऐवजी पेशीचा ॲक्सिलरेटर अडकून बसतो, म्हणजे एखादे जनुक नको तितके काम करते. तिथे ‘काहीतरी कमी आहे’ असे म्हणणे ओढूनताणून होते. उणीववादी म्हणेल की प्रमाण नाही, मर्यादा नाही. मान्य. पण त्यासाठी आपल्याला जनुकांच्या पातळीवरून उठून संपूर्ण शरीराच्या पातळीवर यावे लागते, आणि सिद्धांताची खरी जागा तिथेच आहे हे कबूल करावे लागते.

यासाठी मला संगीताचे उदाहरण सोयीचे पडते. बेसूर गाणे म्हणजे शांतता नव्हे. आवाज पुरेपूर आहे, कधीकधी सुरात गाणाऱ्यापेक्षा मोठा आहे. भौतिकशास्त्राच्या यंत्राला त्यात काहीही कमी दिसणार नाही. तीही कंपने, हीही कंपने. जे हरवले आहे ते स्वरांमधले नाते. तरी ‘बेसूर’ या शब्दात आपण ‘बे’ घालतो, नसण्याचा उपसर्ग. उणीव ही अशी असते: ती ज्यात असते ती वस्तू भरगच्च असू शकते.

इथपर्यंत मी सिद्धांताचा वकील होतो. पण माझ्या घरातच त्याला एक साक्षीदार विरोधात उभा राहिला.

वडिलांचे कान शेवटच्या सहा-सात वर्षांत गेले. तपासणीच्या आलेखावर रेषा उजवीकडे घसरत खाली जात होती. कोणत्या पट्टीचा आवाज किती डेसिबलने कमी ऐकू येतो ते त्यावर वाचता येई. उणीव मोजता येते, हे मी त्या कागदावर पहिल्यांदा पाहिले आणि तत्त्वज्ञानाच्या मास्तराला शोभेल असा आनंद मला झाला. मग वडील म्हणाले, ‘ऐकू येत नाही त्याचं काही नाही रे. हे जे ऐकू येतंय त्याचं काय?’ त्यांच्या कानात रात्रंदिवस रातकिड्यांसारखा आवाज चाले. बहिरेपणासोबत हे पुष्कळांना होते. कानाकडून येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपली पट्टी वाढवत नेतो आणि मग नसलेलेच ऐकू लागतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे मुळाशी उणीवच. मी त्यांना तसे समजावलेही. ते म्हणाले, ‘अभाव आहे ना? मग बंद कर.’

वेदना ही या सिद्धांताची सगळ्यात अवघड जागा आहे. आंधळेपण दिसत नाही, पण दाढदुखी असते. ती कशाच्या तरी नसण्यासारखी वाटत नाही, ती ठणकते. या परंपरेचे ठरलेले उत्तर असे की वेदना स्वतः चांगली आहे, वाईट आहे ती तिच्यामागची इजा. याला भक्कम पुरावाही आहे. डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करत होते. त्या रुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत, हे त्यांनी दाखवले. बोटांना दुखतच नाही, म्हणून भाजते, कापते, चिघळते आणि कळत नाही. त्यातून बोटे जातात. तिथे दुःख नसणे हेच संकट, शब्दशः उणीव. पण सगळ्या वेदना अशा कामाच्या नसतात. पाय कापून टाकल्यावरही नसलेल्या पायात कळा येतात. त्या कोणाला कशाची सूचना देतात? कर्करोगाच्या शेवटच्या आठवड्यातली वेदना कोणते काम करते? इथे ‘ही मज्जासंस्थेच्या व्यवस्थेतली उणीव आहे’ असे म्हणता येईल, आणि ते खोटेही नाही, पण जे सहन करावे लागते ते त्यात सगळे मावत नाही. अनेक उणीववादी या प्रश्नावरून घाईने पुढे जातात. मला ते पटत नाही. माझे मत असे की वेदनेचे वर्णन हा सिद्धांत बाहेरून करतो, आतून करू शकत नाही.

दुसरा मोठा आक्षेप जर्मन तत्त्वज्ञ कांटचा. 1763 साली त्याने ऋण राशींवर एक निबंध लिहिला. ऋण म्हणजे गणितातले उणे. त्याचे म्हणणे मराठीत सांगायला सोपे जाते: खिशात पैसे नसणे वेगळे आणि डोक्यावर कर्ज असणे वेगळे. पहिले शून्य, दुसरे उणे. पोर्तुगालहून ब्राझीलकडे निघालेले जहाज वारा पडला म्हणून थांबले तर ते शून्य. उलट्या वाऱ्याने मागे ढकलले गेले तर ते उणे, आणि त्यासाठी खराखुरा वारा लागतो. द्वेष म्हणजे प्रेमाचे शून्य नव्हे. शेजाऱ्याबद्दल मला काहीच वाटत नाही हे एक, आणि त्याचे घर जळावे असे वाटते हे दुसरे. दुसऱ्यात शक्ती आहे, दिशा आहे, चिकाटी आहे. छळ करणारा माणूस आळशी नसतो.

हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. मान्य एवढ्यासाठी की ‘अभाव’ या शब्दाचा त्याने निकाल लावला. पण कर्जाचेच उदाहरण पुढे न्या. कर्ज कुठे होऊ शकते? जिथे पत आहे, शब्दावर विश्वास आहे, तिथेच. सगळेच बुडवे असतील तर कोणी कोणाला कर्ज देणार नाही आणि बुडवायलाही काही उरणार नाही. खोटी नोट चालते ती खऱ्या नोटांच्या जिवावर. खोटे बोलणे साधते कारण लोक एरवी खरे बोलतात. ऑगस्टीन ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात दरोडेखोरांच्या टोळीचे उदाहरण देतो: टोळीलासुद्धा आपापसांत शांतता आणि लुटीची ठरल्याप्रमाणे वाटणी लागतेच. चांगले वाईटाशिवाय राहू शकते, वाईट चांगल्याशिवाय राहू शकत नाही. ही असमानता कांटच्या उण्यानेही मोडत नाही. नवप्लेटोवादी प्रोक्लसने वाईटाला दिलेले वर्णन याच्या जवळचे आहे: आधाराने, उपऱ्यासारखे असणारे. मराठीत मला आंब्यावरचे बांडगूळ आठवते. हिरवेगार असते, फुलते, त्याला काय कमी आहे? फक्त आंब्याशिवाय जगत नाही. (दाखला पुरता लागू पडत नाही, हेही सांगतो. बांडगूळ ही स्वतःपुरती एक छान वनस्पती आहे आणि पाखरांना त्याची फळे आवडतात. वाईट हे आंब्याच्या दृष्टीने. पण ‘कोणाच्या दृष्टीने, कशाची उणीव’ हे विचारल्याशिवाय या सिद्धांतात पाऊलच टाकता येत नाही.)

माणसाच्या दुष्टपणाबद्दल थोडे. सोळाव्या वर्षी ऑगस्टीनने मित्रांबरोबर शेजारच्या झाडावरची नासपती चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली होती, बहुतेक डुकरांना घातली. एखादा खून कबूल करावा तसा तो पुढे या चोरीवर पानेच्या पाने लिहितो. अनेकांना त्याचे हसू येते. पण तो शोधतो आहे ते हे, की माणूस निव्वळ वाईटासाठी वाईट करतो का? शेवटी त्याला सापडते की एकटा असता तर ही चोरी त्याने केली नसती. सोबत हवी होती, हशा हवा होता. सोबत चांगलीच गोष्ट, पण तिने इथे भलती जागा घेतली. मग इच्छा अशी वाकडी का झाली, तिचे कारण काय, असे विचारले तर तो सांगतो की कारण शोधू नका; ते अंधार डोळ्यांनी पाहायला आणि शांतता कानांनी ऐकायला मागण्यासारखे आहे. हे उत्तर की उत्तराला नकार, यावर मी स्वतःशी अजून भांडतो.

विसाव्या शतकात तत्त्वचिंतक हॅना आरेंटने ज्यूंना आगगाड्यांतून मृत्युछावण्यांत पाठवण्याची व्यवस्था पाहणाऱ्या आइशमन या नाझी अधिकाऱ्याचा 1961चा खटला जेरुसलेमला बसून पाहिला आणि लिहिले की या माणसात राक्षसी खोली सापडत नाही. सापडते ते विचार न करणे. तिचा 1929चा प्रबंध ऑगस्टीनच्या प्रेमकल्पनेवर होता, हा योगायोग मला वाटत नाही. पण ‘उणीव’ म्हणजे दुबळेपणा असा अर्थ कोणी काढू नये. आगगाड्या वेळेवर सुटत होत्या, याद्या बिनचूक होत्या. नेमकेपणा, मेहनत, शिस्त, हे सगळे गुण तिथे कामाला जुंपलेले होते. गुण जितके जास्त, तितकी त्यांच्या मधोमध पडलेली उणीव घातक.

आता आपल्याकडे. ‘न्याय’ या आपल्या जुन्या तर्कदर्शनाइतका अभावाचा बारीक विचार मला दुसरीकडे दिसलेला नाही. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात अभाव हा सातवा पदार्थ, म्हणजे जगातल्या गोष्टींचा सातवा मूळ वर्ग, आहे, त्याचे चार प्रकार आहेत, आणि कशाचा अभाव व कुठे अभाव हे सांगितल्याशिवाय नैयायिक पुढे बोलू देत नाही. पण जमिनीवर घट नाही, यात जमिनीची काही तक्रार नसते. ‘असायला हवा होता’ हा भाग तिथे नाही, कारण नैयायिकांचा प्रश्न ज्ञानाचा होता, वाईटाचा नव्हता. अंधारावरून मात्र आपल्याकडे जोरदार वाद झाला: नैयायिक म्हणाले की तम म्हणजे तेजाचा अभाव, कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक म्हणाले की ते द्रव्यच आहे, कारण ते काळेनिळे दिसते आणि हलते. पुढे अद्वैतात, विशेषतः त्यातल्या विवरण नावाच्या शाखेत, अज्ञान हे नुसता ज्ञानाचा अभाव नाही, ते ‘भावरूप’, म्हणजे खरोखर काहीतरी असलेले, आहे असे ठामपणे मांडले गेले. झाकायचे आणि भलतेच दाखवायचे काम निव्वळ अभावाला जमणार कसे? कांटचा आक्षेप आणि हा आक्षेप एकाच वळणाचा आहे. आणि ‘अमृतानुभवा’त ज्ञानदेव एक सबंध प्रकरण अज्ञानखंडनासाठी देतात, की असे अज्ञान म्हणून काही उभेच राहत नाही. तरीही हे सारे अविद्येबद्दल आहे, भल्याबुऱ्याबद्दल नाही. दोन्ही परंपरांचा पाट लावून देण्याची घाई करू नये.

म्हणून ‘दुरितांचे तिमिर’ म्हणजे ऑगस्टीनच, असे मी म्हणणार नाही. अंधाराची उपमा सगळ्यांनाच सुचते. मानीलाही सुचली होती, आणि त्याने तर अंधाराला राज्य दिले. पसायदानात मला जास्त जवळची वाटते ती त्याआधीची ओवी, ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. खळ मरोत असे मागणे नाही. त्यांचा वाकडेपणा गळून पडो, असे आहे. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, आणि वाकडेपणा खिळ्यातून काढून वेगळा डबीत ठेवता येत नाही. खिळा सरळ केला की तो गेला, ऑगस्टीनच्या जखमेसारखा. हे माझे वाचन आहे, ज्ञानदेवांना हाच सिद्धांत अभिप्रेत होता असा दावा नाही.

हा सिद्धांत काय करत नाही, तेही तुमच्या मावशीसाठी सांगतो. उणीव का राहू दिली, हा ईश्वराला विचारायचा प्रश्न त्याने सुटत नाही. भरल्या घरात कोणी मुलाला उपाशी ठेवले आणि म्हणाले की ‘भूक म्हणजे फक्त अन्नाचा अभाव, मी तर काहीच केले नाही’, तर आपण ऐकून घेऊ का? ऑगस्टीनकडे त्या प्रश्नाची वेगळी उत्तरे आहेत, इच्छास्वातंत्र्याची, सृष्टीच्या एकूण व्यवस्थेची. त्यांचे गुणदोष वेगळे. उणिवेचा सिद्धांत सांगतो ते एवढेच, की वाईट कोणत्या जातीची गोष्ट आहे.

उपयोग विचाराल तर तो ‘नेमके काय नाही’ हे शोधायला लावतो. 1943च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. अन्न नव्हते म्हणून, असे साधे उत्तर होते. अमर्त्य सेन यांनी 1981च्या आपल्या पुस्तकात दाखवले की तांदूळ तितका कमी नव्हता. मजुरांच्या, कोळ्यांच्या, कारागिरांच्या हाती तो मिळवण्याची ऐपत आणि हक्क उरला नव्हता. ते काही ऑगस्टीन वाचून तिथे पोहोचले नाहीत. पण चुकीची उणीव सांगितली की इलाजही चुकतो, हे मी मुलांना याच उदाहरणाने सांगतो.

वाचायचेच असेल तर ‘कबुलीजबाबां’चा सातवा भाग आधी वाचा, मग दुसऱ्या भागातली नासपतीची चोरी, आणि त्यानंतर लगेच कांटचा तो निबंध. अक्वायनस शेवटी. वेदनेबद्दल या तिघांनी केलेले समाधान पुरे पडले नाही तर तसे पुन्हा लिहा. मलाही ते पडलेले नाही.